शनवार तेल्यांचा शिपाईगडी

शस्त्राने पडलेल्या माणसाचे पितृपक्षातील श्राद्ध त्याच्या मृत्युतिथीला न करता भाद्रपद वद्य चतुर्दशीला करावे, असा आपल्याकडे संकेत आहे. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आणि महिनाभराने दिवाळी आली म्हणजे धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरची बाई दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावते. अकाली मरण घरात येऊ नये, एवढेच तिचे मागणे असते. आपल्या पूर्वजांनी मृतांची अशी नीट व्यवस्था लावून ठेवली आहे. कोणीही उपाशी राहू नये, कोणीही अंधारात राहू नये. परंतु जो आपल्या पंचांगातलाच नव्हे, ज्याच्या धर्मात श्राद्ध नाही, तर्पण नाही, आणि तरीही जो आपल्यासाठी पडला, त्याचा दिवा कोणी लावावयाचा? या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे हा एक प्रश्न ठेवावा, असे माझ्या मनात आहे. त्यासाठी मी ज्याची गोष्ट सांगणार आहे तो शिपाईगडी ज्यू होता, आणि त्याच्या समाजाची मायबोली तुमचीआमचीच मराठी आहे.

मी जालना जिल्ह्यातला. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न फार जुना आहे. भोकरदनच्या बाजूला असई नावाचे एक लहानसे गाव आहे. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. त्याच महिन्याच्या २ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. असईच्या रणात इंग्रजांकडची सुमारे सोळाशे माणसे ठार वा जखमी झाली. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लू जिंकलेला हाच वेलस्ली म्हातारपणीही असईचे नाव अभिमानाने घेई. त्या दिवशी पडलेल्या कर्नल मॅक्सवेलचे नाव इंग्रजांच्या इतिहासात आहे. परंतु मराठ्यांचे जे गोलंदाज तोफ सोडून पळाले नाहीत, संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफेला चिकटून राहिले, त्यांची नावे? त्यांची गणती आहे, नावे नाहीत. आणि वेलस्लीच्या बाजूने पडलेले मद्रासी शिपाई? त्यांचीही तीच गत. असईच्या शिवारात नांगर धरणारा शेतकरी कोणाच्या अस्थींवरून फाळ नेतो, हे त्यालाच काय, कोणालाच सांगता यावयाचे नाही.

मग जालन्याला छावणी झाली. १८२७ साली बांधलेल्या या छावणीत निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची कंटिंजंट फौज राहत असे. १९०३ साली ती छावणी मोडली. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सेना निजामाच्या राज्यात शिरली, तेव्हा जालन्यात गुरख्यांची एक कंपनी येऊन राहिली आणि १७ तारखेला निजामी राजवट संपली. म्हणून दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही मराठवाड्याचे लोक झेंडावंदन करतो. सप्टेंबर महिना आमच्याकडे असा लढायांचा महिना आहे. त्याच महिन्यातली आणखी एक लढाई मला सांगावयाची आहे. पण तिच्याआधी कोकणात उतरावे लागेल.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव आहे. फार फार वर्षांपूर्वी तेथील खडकांवर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली. बेने इस्राएल समाज आपली कुळकथा अशी सांगतो. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली, परंतु काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करावयाची. खवले नसलेला मासा खावयाचा नाही. आणि शनिवारी काम करावयाचे नाही. कुलाब्याच्या गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. एक प्रार्थना मात्र त्यांच्या ओठांवर टिकून राहिली. तिला ‘शेमा’ म्हणतात. देव एकच आहे, हे इस्राएला ऐक, एवढाच तिचा भाव. जन्म असो, लग्न असो वा मरण असो, ही एकच प्रार्थना त्यांना पुरे.

बाकी सर्व बाबतींत ते कोकणी मराठी झाले. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव घेतले: दिवे येथले दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, आणि अलिबागजवळच्या जिराड गावचे ते जिराड. बायका नऊवारी नेसल्या, मंगळसूत्र घालू लागल्या. त्यांच्या सणांची नावे ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण! नवस फेडताना ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वर फळे, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेतात. त्या प्रेषिताच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. बायबलातली नावेही त्यांनी आपल्या जिभेवर बसवून घेतली. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी. पलटणीच्या हजेरीपटावर ‘सामाजी हसाजी’ असे वाचले तर तो मराठा की ज्यू, हे कोण ओळखणार?

आणि हजेरीपटावर ही नावे पुष्कळ आली. चुरीकर घराण्यातील पुरुष आंग्र्यांच्या आरमारात नायकी करीत, अशी परंपरा या समाजात सांगतात. अठराव्या शतकात घाण्यावर पोट भरेना तेव्हा बेने इस्राएल मुंबईत आले आणि कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाले. त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो आणि त्याचा भाऊ इसाजी टिपूच्या कैदेत पडले. पुढची हकीकत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली आहे. कैद्यांना त्यांची जात विचारण्यात आली. सामाजी म्हणाला, “आम्ही बेने इस्राएल.” हे नाव टिपूच्या आईच्या कानी गेले. कुराणात बेने इस्राएलांचे नाव तिने वाचले होते, परंतु त्यांतला माणूस कधी पाहिला नव्हता. तिने रदबदली केली आणि सामाजीचा जीव वाचला. सुटलो तर देवाचे मंदिर बांधीन, असा त्याने नवस केला होता. १७९६ साली मुंबईत त्याने तो फेडला. मांडवी भागातले ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे बेने इस्राएलांचे मुंबईतले पहिले प्रार्थनामंदिर. दुसऱ्याच वर्षी, १७९७ त, सामाजी कोचीनला वारला. नव्या मंदिरासाठी तोऱ्याची पोथी आणावयाला तो तिकडे गेला होता, असे सांगतात.

ही गोष्ट मला नेहमी विचार करावयाला लावते. कैदेतल्या माणसाला आपला धर्म सांगणे सोपे नसते. सामाजीने आपले नाव सांगून टाकले असते तर ते मराठीच होते. त्या नावाच्या आड त्याला सहज लपता आले असते. त्याने आडपडदा ठेवला नाही. त्याला पोथी वाचता येत असेल वा नसेल, परंतु आपण कोण हे त्याला पक्के ठाऊक होते.

येथे वाचकांपैकी कोणी विचारील, शनिवारी घाणासुद्धा न फिरवणारा माणूस शिपाईगिरी कशी करी? शत्रू काही शनिवारची सुट्टी देत नाही! हा प्रश्न ज्यूंना फार पूर्वीच पडला होता. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सीरियाच्या ग्रीक राजाने यहुदी लोकांचा धर्म बुडवावयास घेतला, तेव्हा काही धर्मनिष्ठ लोक रानात गुहांत जाऊन राहिले. राजाच्या फौजेने त्यांना शब्बाथाच्या दिवशी गाठले. पवित्र दिवस मोडावयाचा नाही म्हणून त्यांनी हातात दगडसुद्धा घेतला नाही, आणि बायकामुलांसह हजार माणसे मेली. ती बातमी ऐकून मत्तथिया नावाच्या म्हाताऱ्या पुरोहिताने निर्णय दिला, की शब्बाथाला कोणी चालून आले तर लढावयाचे. नाही तर शब्बाथ पाळावयाला कोणी उरणारच नाही. पुढे ज्यू धर्मशास्त्राने जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडण्याला मोकळीक दिली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

या मत्तथियाचा एक मुलगा एलआझार. ख्रिस्तपूर्व १६२ च्या सुमारास एका लढाईत त्याने राजचिन्हांनी सजविलेला हत्ती पाहिला. राजा यावरच असणार, असे समजून तो शत्रूची फळी फोडीत आत घुसला, हत्तीच्या पोटाखाली शिरला आणि खालून त्याने भाला खुपसला. हत्ती त्याच्याच अंगावर कोसळला. राजा त्या हत्तीवर नव्हता, आणि ती लढाईही यहुदी हरले. तरीही आज दोन हजार वर्षांनंतर त्या पोराचे नाव राहिले आहे. याच मक्काबी बंधूंच्या विजयाची आठवण म्हणून जगभरचे ज्यू आठ दिवस रोज एकेक दिवा वाढवीत हनुक्काचा दीपोत्सव करतात. बेने इस्राएलांना मात्र हा सण ठाऊक नव्हता. एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या ज्यूंकडून त्यांना तो कळला. यावरूनच, आपले पूर्वज मक्काबींच्या काळाआधी मायदेशातून निघाले असावेत, असा त्यांचा दावा आहे. हनुक्काचे दिवे त्यांच्या घरी नव्हते त्या शतकांत शेजारच्या दिवाळीचे दिवे मात्र त्यांच्या अंगणापर्यंत पोहोचत होते!

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पलटणी मुलतानला गेल्या, इराणला गेल्या, अ‍ॅबिसिनियाला गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बेने इस्राएल जमादार-सुभेदारही गेले. समाज मूठभर, पण त्या मानाने त्यातून निघालेले देशी अधिकारी पुष्कळ. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो ग्रंथरूपाने १९३७ साली तेल अवीवला छापून निघाला. आपल्या लष्करी माणसांचा त्यांनी त्यात मोठ्या अगत्याने उल्लेख केला आहे. परंतु ग्रंथ लिहून होईपर्यंत ती परंपराच आटत चालली होती. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लष्कराची फेररचना केली. आता भरती जातवार होऊ लागली: ही कंपनी मराठ्यांची, ही शिखांची, ही पठाणांची. ज्या जातीची अख्खी कंपनी उभी राहील तिलाच जागा. हजार-दोन हजार जवान एकदम पुरवावेत एवढा बेने इस्राएल समाज कधीच नव्हता. आधीच्या पलटणींत सर्व जाती एका रांगेत उभ्या राहत, तेथे हा शिपाई आपल्या कर्तबगारीवर वर चढे; नव्या हिशेबात त्याला रांगच उरली नाही. मग हे लोक रेल्वेत गेले, टपालखात्यात गेले, शिक्षक झाले, डॉक्टर झाले. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख म्हणून गाजलेल्या डॉ. जेरुशा जिराड याच समाजातल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वतंत्र भारताच्या सेनेने अधिकाऱ्यांसाठी दार मोकळे ठेवले. अधिकारी कोठल्याही जातीधर्माचा असो, त्याला कोठल्याही पलटणीत नेमता येते. या दारातून बेने इस्राएल पुन्हा आत आले. १९६५ च्या युद्धात भारतीय नौदलाच्या ताफ्याची हुकमत रिअर अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन यांच्याकडे होती. तेही याच समाजातले. आणि त्याच युद्धात गढवाल रायफल्सच्या आठव्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल जोसेफ एफ्राइम जिराड.

जिराड! कोकणातल्या त्या गावाचे नाव हिमालयाच्या पोरांच्या पलटणीच्या शिरोभागी आले, हे मला फार अपूर्व वाटते. गढवालची मुले ‘बद्री विशाल लाल की जय’ म्हणून शत्रूवर तुटून पडतात. आपल्या सेनेत असा रिवाज आहे, की अधिकारी आपल्या जवानांच्या देवळात जातो, त्यांच्या सणाला त्यांच्यात बसतो, आणि हल्ल्याच्या वेळी त्यांचीच आरोळी त्याच्या तोंडी असते. शेमा म्हणणाऱ्यांच्या कुळातला माणूस बद्रीनाथाची जय म्हणणाऱ्यांच्या पुढे चालला, आणि त्यात कोणालाच काही विपरीत वाटले नाही.

आता त्या लढाईकडे येऊ. १९६५ च्या १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घातले. ६ तारखेला आपल्या सेनेने लाहोरच्या बाजूने सरहद्द ओलांडली, आणि ७-८ च्या रात्री सियालकोटची आघाडी उघडली. येथे आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन उतरली होती. एका बाजूला आपले सेंच्युरियन, दुसऱ्या बाजूला अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले पॅटन. ११ सप्टेंबरला फिल्लौरा पडले. पुढचे लक्ष्य चविंडा, रेल्वेवरचे ठाणे. समोरून ते पडेना, तेव्हा त्याच्या पश्चिमेची जसोरान आणि बुटूर डोग्रांडी ही गावे घेऊन त्याच्या पाठीवर यावे, असे ठरले. रणगाडे होते पूना हॉर्सचे आणि पायदळ होते आठव्या गढवालचे.

रणगाडा आणि पायदळ यांचे नाते घरगुती वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. रणगाडा गावाच्या वेशीपर्यंत वाट मोकळी करतो. परंतु गाव ‘घेतले’ असे म्हणता येते ते पायदळाने तेथे खंदक खणून पाय रोवल्यावरच. रात्री रणगाड्याला दूरचे दिसत नाही. त्याला मागे जाऊन तेल भरावे लागते, गोळे भरावे लागतात. खंदकातल्या शिपायाला मागे जावयाचे नसते. घेतलेले गाव शत्रूच्या तोफखान्याला नकाशावर नेमके ठाऊक असते, कारण ते कालपर्यंत त्याचेच होते. तेव्हा गाव घेण्यापेक्षा ते राखणे अवघड. बुटूर डोग्रांडीत हेच झाले. १६ सप्टेंबरला तुकड्या पुढे गेल्या आणि त्यानंतर तोफांचा भडिमार आणि प्रतिहल्ले यांना अंत राहिला नाही.

पूना हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर. हे पारशी. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना त्यांच्याविषयी एक वेगळे अगत्य आहे. कारण त्यांची लष्करी नोकरी सुरू झाली ती निजामाच्या हैदराबादी फौजेत. राज्य विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले. ती पलटण तरी कोणती? १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुणे तहातून उभे राहिलेले घोडदळ! फिल्लौऱ्याला जखमी होऊनही तारापोरांनी मागे जाण्याचे नाकारले होते. १६ तारखेला त्यांच्या रणगाड्यावर गोळा येऊन ते पडले. त्यांच्या इच्छेप्रमाणे रणभूमीवरच त्यांना अग्नी देण्यात आला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

आणि त्याच लढाईत, पलटणीच्या अग्रभागी, कर्नल जिराड धारातीर्थी पडले. कमांडिंग ऑफिसर पडला म्हणजे पलटणीचा कणा मोडावा, अशी शत्रूची अपेक्षा असते. परंतु मेजर अब्दुल रफी खान यांनी सूत्रे हाती घेतली. हे मुसलमान, रामपूरचे. त्यांनी गढवाल्यांना धरून ठेवले, आणि तेही तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. ‘बुटूर डोग्रांडी’ हा रणसन्मान आज गढवाल रायफल्सच्या बिरुदावलीत आहे.

पारशी, ज्यू, मुसलमान, आणि त्यांच्यामागे बद्रीनाथाची जय म्हणणारे हिंदू शिपाई. हे असे कोणी नाटकात घातले असते तर आपण म्हटले असते, की लेखकाने मुद्दाम जुळवून आणले. परंतु हे कोणी जुळवून आणलेले नव्हते. नेमणुकीच्या नेहमीच्या कागदांवर नेहमीच्या सह्या होऊन ही माणसे तेथे एकत्र आली होती.

पंचांग उघडून पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. १६ सप्टेंबर १९६५ हा गुरुवार. आपला पितृपक्ष चालू होऊन आठवडाही झाला नव्हता. ज्यू पंचांगाप्रमाणे तो एलूल महिन्याचा एकोणिसावा दिवस. एलूल हा त्यांच्या वर्षाचा शेवटचा महिना, आत्मपरीक्षणाचा. या दिवसांत पहाटे उठून प्रार्थनामंदिरात क्षमेची स्तोत्रे म्हणतात, मेंढ्याचे शिंग फुंकतात, पूर्वजांच्या कबरींना भेट देतात. गढवालच्या खेड्यांत आणि मराठवाड्याच्या वाड्यांत पितरांना पाणी सोडले जात होते, अलिबागच्या इस्राएल आळीत क्षमेची स्तोत्रे चालली होती, आणि तिकडे बुटूर डोग्रांडीत ही माणसे पडत होती. २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईच्या तारखेला, युद्ध थांबले. शस्त्रहतांची चतुर्दशी आणि सर्वपित्री त्याच सुमारास आली. चार दिवसांनी, २७ तारखेला, ज्यूंचे नवे वर्ष उजाडले.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ती टाळून कौतुक करणे बरे नव्हे. चविंडा पडले नाही. बुटूर डोग्रांडी शेवटपर्यंत हाती राहिले नाही. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांची जिंकलेली भूमी परत केली. मग या माणसांनी प्राण दिले ते कशासाठी, असे एखादे पोर विचारील. त्याला काय सांगावे? एलआझारच्या हत्तीवर राजा नव्हता, हे त्याला सांगावे. असईचे गोलंदाज हरणाऱ्या तोफेला चिकटून होते, हेही सांगावे. शिपायाला नकाशा आखण्याचा अधिकार नसतो. आपल्या माणसांना सोडून जावयाचे की नाही, एवढेच त्याच्या हाती असते. जिराडांच्या हाती जे होते ते त्यांनी नीट केले. पलटणीने ते ओळखले आणि त्या हरवलेल्या गावाचे नाव निशाणावर जपले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बेने इस्राएलांपैकी बहुतेक तिकडे निघून गेले. त्यांना येथून कोणी हाकलले नाही. दोन हजार वर्षांच्या प्रार्थनेने बोलावले म्हणून गेले. तेथेही त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते, मलिदा होतो. भारतात आता सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागच्या ‘मागेन आबोथ’ मंदिरात दिवे लागतात. परंतु कोकणातल्या या मंदिरांतून प्रार्थनेला दहा पुरुष जमविणे आता कठीण झाले आहे.

हा दहाचा आकडा महत्त्वाचा आहे. मृतासाठी ज्यू लोक ‘कद्दीश’ नावाची प्रार्थना म्हणतात. तिच्यात मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. सगळी देवाचीच स्तुती. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण जमले तरच तिला अर्थ. मुलाने बापासाठी, भावाने भावासाठी म्हणावयाची, आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणून साथ द्यावयाची. दुःख एकाच्या घरचे असले तरी स्मरण दहांनी करावयाचे, असा त्या शास्त्राचा आशय आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. असईत आपण तेच केले नाही. पडलेल्यांच्या घरच्यांनी आपापले रडून घेतले असेल. परंतु दहा जण जमून नावे घेण्याची व्यवस्था झाली नाही, म्हणून नावे गेली.

सुदैवाने आता तसे नाही. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तेथे दगडात कोरली आहेत. नाव, हुद्दा, पलटण, एवढेच. तेथे जात नाही, धर्म नाही. शिपाई आणि कर्नल यांची अक्षरे सारख्याच आकाराची. दिल्लीला जाल तेव्हा मुलांना तेथे अवश्य न्या, आणि तारापोर, जिराड, रफी खान ही तीन नावे एकामागून एक त्यांच्याकडून वाचून घ्या.

आणि दिल्ली दूर असेल तर अलिबाग जवळ आहे. सुट्टीत समुद्रावर जाणारी कुटुंबे किल्ला पाहतात, भेळ खातात आणि परततात. थोडी वाट वाकडी करून नवगावला जावे. गलबत फुटून बुडालेल्यांना जेथे पुरले त्या जागी आज एक स्मारकस्तंभ उभा आहे. ज्यू लोक कबरीवर फुले वाहत नाहीत, लहानसा दगड ठेवतात; येऊन गेल्याची खूण म्हणून. मुलांना किनाऱ्यावरचा एकेक खडा उचलावयाला सांगावे. जिराड गावही त्याच तालुक्यात आहे. या गावाचे नाव लावणारा एक कर्नल पंजाबच्या मातीत पडला, हे त्यांना तेथेच सांगून टाकावे. मोजून पाहा, घरची आणि शेजारची मिळून सहज दहा माणसे होतील.

यंदाच्या धनत्रयोदशीला आमच्या घरी दक्षिणेकडे तोंड करून दोन दिवे लागतील. एक नेहमीचा. दुसरा असईच्या गोलंदाजांचा आणि बुटूर डोग्रांडीच्या शिपायांचा, एकत्र. तेल तेच, वात तीच. आणि शनवार तेल्यांच्या घाण्याची आठवण म्हणून त्यात थोडे खोबरेल घालावे, असे घरात ठरले आहे.